वॉशर, आठ दिवसांसाठी

४ मार्च, मंगळवार

पंपवाला आज त्याची कुत्री ठेवून गेला. आठ दिवसांसाठी, म्हणाला.

आम्ही दोघांनी पाणीखात्यात तीस वर्षं बरोबर काढली. तो पंपावर, मी रस्त्यावर. तो गेल्या वर्षअखेरीस निवृत्त झाला आणि आता मुलाकडे राहायला चाललाय. मुलाच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. नियम बदलण्यासाठी अर्ज दिलाय, तोवर सांभाळ, असं म्हणाला. मी सांगितलं, मला कुत्र्यांचं वेड नाही. तो म्हणाला, "तिलाही तुझं नाही. जमेल तुमचं."

नाव वॉशर. डाव्या डोळ्याभोवती तपकिरी गोल आहे म्हणून. बाकी मळकट पांढरी, मध्यम आकाराची. एक गोष्ट मात्र चांगली, ती जवळजवळ मुकी आहे. तोंड उघडते, मान वर करते, पण फार झालं तर खोकल्यासारखं काहीतरी निघतं. माझ्यासारख्याच्या घरात हे बरं. माझं काम ऐकण्याचं आहे. जमिनीखाली पाइप कुठे गळतो ते मी लोखंडी कांडी रस्त्यावर टेकवून, दुसरं टोक कानाला लावून ओळखतो. खात्यात मला नावाने कुणी हाक मारत नाही. 'कान' म्हणतात.

सव्वीस वर्षं माझ्या शब्दावर खणलेला खड्डा कोरडा निघाला नाही. गेल्या वर्षीपासून नऊ निघाले. त्याला कारण आहे. जागोजागी प्लास्टिकचे पाइप घातलेत. लोखंड बोलतं, प्लास्टिक बोलत नाही.

६ मार्च, गुरुवार

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका तक्रार घेऊन आल्या. कुत्री दुपारभर केकाटत असते म्हणे. मी त्यांना शांतपणे सांगितलं की कुत्री मुकी आहे. त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं. बायकोने जमिनीकडे बघितलं. वय झालं की माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात. मी त्यांना चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. निदान तसं वाटलं. त्याही हल्ली पुटपुटतात.

१२ मार्च, बुधवार

आठ दिवस झाले. पंपवाल्याला फोन केला. "अर्ज विचाराधीन आहे," म्हणाला. किती दिवस लागतील विचारलं, तर म्हणाला, "समितीत एक गृहस्थ आजारी आहेत."

कुत्रीला पँटचा नाद आहे. मी पेपर वाचत बसलो की येते, पायाजवळची पँट दातात धरते आणि दाराकडे ओढते. दार उघडलं की योगायोगाने नेहमी कुणीतरी उभं असतं, तेही वैतागलेलं. बेल बिघडली आहे. वायरमनला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा तो बेल ठीक आहे सांगून गेला. किटलीची शिट्टीही गेली आहे. काल पाणी आटून बूड जळेपर्यंत कळलं नाही, ते पण पँट ओढल्यामुळे स्वयंपाकघरात गेलो म्हणून कळलं. हल्ली कुठलीच वस्तू टिकत नाही.

आतापर्यंत दोन पँट फाटल्या. बायको शिवणकामाच्या दुकानात काम करते, तिने रफू केल्या. रफू करताना म्हणाली, "हिला राहू द्या." एवढं स्पष्ट ती गेल्या कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. माझ्या अगदी समोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघून बोलली.

२ एप्रिल, बुधवार

दुकानात काम वाढल्याने बायको सकाळीच जाते. कुत्रीला एकटी ठेवली तर मुख्याध्यापिका वर येतात. म्हणून आजकाल तिला कामावर नेतो. पहाटे पाचला निघतो. रहदारी सुरू व्हायच्या आधी जमीन शांत असते.

आज बाजाररस्त्यावर कांडी लावून वाकलो होतो, तर हिने मागून पँट धरून असा हिसका दिला की मी गटाराच्या कडेला आडवा. कोपर सोलवटलं. तेवढ्यात माझ्या जागेवरून एक सायकलवाली पाव भरलेले क्रेट घेऊन सुसाट गेली. मागे वळून हातवारे करत काहीतरी ओरडत होती. सायकलवाल्यांनी घंटी वाजवणं सोडून दिलंय. मी कुत्रीला चांगलं झापलं. तिने ऐकून घेतलं आणि माझं कोपर चाटलं.

पंपवाल्याला फोन केला. समितीतले आजारी गृहस्थ बरे झाले, पण आता सचिव गावाला गेले आहेत.

१८ एप्रिल, शुक्रवार

बेकरीच्या गल्लीत पाण्याचा दाब कमी झाल्याची तक्रार. इंजिनिअर मॅडमनी मलाच पाठवलं. "काका, तिथे जुनी लोखंडी लाईन आहे, तुमच्या हातची," म्हणाल्या. मॅडम पस्तिशीच्या आहेत. नोकरीला लागल्या तेव्हा कांडी कशी धरायची ते मीच शिकवलं होतं.

गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दर दोन पावलांवर ऐकलं. काही नाही. एकदम स्वच्छ. कुत्री मात्र बेकरीच्या दारासमोर फतकल मारून बसली. कान टवकारून मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग पंजाने रस्ता खरवडायला लागली. पावाच्या वासाने असणार. ओढलं तर उठेना. मी पुढे निघालो की पँट धरून मला परत तिथेच आणून सोडायची. असं तीनदा झालं. तिच्या समाधानासाठी तिथे कांडी आणखी एकदा लावली. शांत होतं. शेवटी उचलून काखेत घेतली आणि कागदावर लिहिलं, 'गळती नाही', खाली सही केली.

कागदावर सही करताना ती माझ्याकडे बघत होती. कुत्र्यांचे डोळेच तसे असतात.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी सहाला बेकरीच्या गल्लीत रस्ता खचला. दुधाची गाडी पुढच्या चाकांसकट आत गेली. चालकाचा पाय दोन ठिकाणी मोडला.

खड्डा बेकरीच्या दारासमोर.

२२ एप्रिल, मंगळवार

काल जास्त लिहिता आलं नाही.

खड्ड्याजवळ गेलो होतो. पाइपाला वीतभर चीर होती, तीही जुनी. कडा गंजून गोलसर झालेल्या. म्हणजे शुक्रवारी ती होती. पाणी आतल्या आत माती नेत होतं आणि मी दीड हात वर उभा होतो.

मॅडम म्हणाल्या, "काका, ही लाईन आपल्या सगळ्यांपेक्षा म्हातारी आहे. कधीही फुटते. मी अहवालात तसंच लिहितेय." मी मान डोलावली. कुत्री तिथे बसली होती, ही काही अहवालात लिहायची गोष्ट नाही. ती पावाच्या वासानेही बसली असेल.

पण बेकरी शुक्रवारी बंद असते. हे मला आज पाटी बघितल्यावर कळलं.

२४ एप्रिल, गुरुवार

जेवण गेलं नाही. बायकोने ताट बाजूला सरकवलं आणि समोर येऊन म्हणाली, "अहो, भिंतीकडे तोंड करून बसा."

"कशाला?"

"बसा हो. एवढंच ऐका माझं."

बसलो. कुत्री माझ्या समोर भिंतीला टेकून बसलेली. बायको माझ्या मागे, दाराजवळ. मी वाट बघत राहिलो. काही होईना. कुत्री अधूनमधून माझ्या खांद्यावरून मागे बघायची, शेपटी एकदा जमिनीवर आपटायची, मग माझ्याकडे बघायची. दुसरं काही करायला नसल्यामुळे मी ते मोजत होतो.

शेवटी म्हटलं, "काय करायचंय ते कर ना, पाठ अवघडली."

बायको पुढे आली. डोळे भरलेले. म्हणाली, "झालं करून. हाका मारल्या तुम्हाला."

"किती?"

"सहा."

शेपटीही सहा वेळाच आपटली होती.

कधीपासून, विचारलं. म्हणाली, दीड-दोन वर्षं. मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. तर पदराने डोळे पुसत म्हणाली, "लोक तुम्हाला कान म्हणतात. मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

मग तिने ताट गरम करून आणलं.

२९ एप्रिल, मंगळवार

कान तपासणाऱ्या बाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. सुरुवातीला भराभर दाबलं. नंतर बराच वेळ त्या आवाजच पाठवत नव्हत्या, म्हणून मी कंटाळून खिडकीबाहेर बघत बसलो. त्या पाठवत होत्या.

बाहेर आल्यावर आलेख दाखवला. डावीकडे सपाट, मग उतार, मग सरळ दरी. जाड आवाज तुम्हाला येतात, म्हणाल्या, बारीक येत नाहीत. पुरुषांचं बोलणं कळेल. बायका, लहान मुलं, पक्षी, घंट्या, शिट्ट्या अवघड.

"आणि पाण्याचा?" मी विचारलं.

"कसल्या पाण्याचा?"

"पाइपातून फुटून निघतं त्याचा. सुईसारखा असतो."

त्यांनी कागद पुन्हा बघितला. "तो तर सगळ्यात आधी गेला असेल," म्हणाल्या.

म्हणजे प्लास्टिकचा काही दोष नव्हता. नऊ खड्डे.

२ मे, शुक्रवार

मॅडमकडे गेलो. आलेख टेबलावर ठेवला आणि १८ तारखेचं सगळं सांगितलं, कुत्रीसकट. अहवाल बदला, म्हटलं.

त्यांनी आलेख स्वतःकडे ओढून घेतला. "काका, हे लिहिलं तर मला तुम्हाला रस्त्यावरून काढावं लागेल."

"काढा."

"आणि चौकशी होईल."

"होऊ द्या. त्या माणसाचा पाय लाईनच्या म्हातारपणाने नाही मोडला."

त्यांनी दार लावून घेतलं. मग माझ्या समोर, मला ओठ दिसतील असं सरळ तोंड करून बसल्या आणि हळूहळू बोलल्या. कांडी जमा करा. निवृत्तीला तीन वर्षं आहेत, तोवर नकाशांच्या खोलीत बसा. कुठली लाईन कुठून जाते ते निम्मं कागदावर आहे आणि निम्मं तुमच्या डोक्यात आहे, ते डोक्यातलं उतरवून काढा.

मी कांडी भांडारात दिली. भांडारवाल्याने पावती केली: लोखंडी कांडी, नग एक, वापरलेली. कुत्री पावती चाटायला गेली. तिला कागदाचं काय कळतंय.

घरी जाताना ती रोजच्या वळणावर थांबली, जिथून आम्ही फेरी सुरू करायचो. मी म्हटलं, "आपलं काम संपलं." ती बसून राहिली. मग मीही थोडा वेळ फूटपाथवर बसलो.

२३ मे, शुक्रवार

कानाची मशीन आज मिळाली. दोन. वालाच्या दाण्याएवढी.

दुकानाबाहेर आलो तर रस्ता अंगावर आला. बायकोने दंड धरला होता. घरी आलो, दार उघडलं आणि आतून कुणीतरी किंचाळलं. मी दचकून मागे सरलो. वॉशर होती. मला बघून आनंद झाला की ती अशी ओरडते, असं बायको म्हणाली. रोज.

अत्यंत वाईट आवाज आहे. तेल न दिलेलं बिजागर कुणी जिन्यावरून ढकलून द्यावं तसा. अडीच महिने ही रोज दारात माझं असं स्वागत करत होती आणि मी तिला मुकी समजून पुढे जात होतो.

तसाच खाली गेलो आणि मुख्याध्यापिकांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बसा." चहा घेतला. आवाज खणखणीत आहे त्यांचा, शाळेत दबदबा असणार.

बायकोही पुटपुटत नाही. ती शिवताना गुणगुणते. कुठली चाल ते विचारलं नाही, विचारलं तर थांबेल असं वाटलं. पूर्ण झालर शिवून होईपर्यंत तिच्या शिलाई मशीनजवळ बसून राहिलो.

८ जून, रविवार

दुधाच्या गाडीच्या चालकाला भेटायला गेलो. आधी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो होतो, ते इथे लिहिलं नव्हतं.

तो खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये उशीवर. तिशीचा असेल. मी म्हटलं, "मी पाणीखात्यातला. 'गळती नाही' असं लिहिणारा मी."

त्याच्या आईने खुर्ची दिली होती, ती मी घेतली नाही. मग सगळं सांगितलं. कान, कांडी, वॉशर कशी बसली, मी कशी उचलली.

तो म्हणाला, "म्हणजे कुत्र्याला कळलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही त्याचं ऐकलं नाही."

"नाही."

"मला राग आहे तुमचा," तो म्हणाला. "तुम्ही सांगायला आलात म्हणून तो जाणार नाही."

"बरोबर आहे."

निघताना तो म्हणाला, "तिला आत आणा." वॉशर बाहेर बांधली होती. आणली. तिने प्लास्टर टोकापासून टोकापर्यंत हुंगलं आणि त्याच्या हाताखाली डोकं घातलं. त्याने हात काढला नाही. मी दाराजवळ उभा राहिलो. अर्धा तास तो तिच्याशीच बोलला. माझ्याशी काही नाही.

पुढच्या रविवारी तिला घेऊन या, असं त्याच्या आईने जिन्यात सांगितलं. मला यायला सांगितलं की नाही ते स्पष्ट झालं नाही. तरी जाईन.

६ जुलै, रविवार

चालकाचं प्लास्टर निघालं. कुबडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालला, वॉशर पुढे. वळून मला म्हणाला, "या की, मागे का राहताय?"

परत येताना विचार केला. आता मला बेल ऐकू येते, किटली ऐकू येते, सायकल ऐकू येते. वॉशर तरीही येऊन पँट ओढते आणि मी उठतो. पण खरं पाहता आता तिची गरज राहिलेली नाही. गरज नसताना दुसऱ्याची कुत्री चार महिने ठेवून घेणं बरोबर नाही. पुढच्या रविवारी नेऊन पोचवतो. समितीशी मी स्वतः बोलतो.

बायकोने विचारलं, "रडताय का?" म्हटलं, मशीनमुळे डोळ्यांना पाणी येतं. ती म्हणाली, "मशीन कानात आहे."

१३ जुलै, रविवार

वॉशरला घेऊन पंपवाल्याच्या मुलाच्या इमारतीत गेलो. बसने दीड तास. फाटकापाशी एक बाई दोन कुत्री घेऊन निघाली होती. जिन्यात तिसरं भेटलं. पहिल्या मजल्यावर चौथं, दाराच्या फटीतून नाक काढून बसलेलं.

पंपवाल्याने दार उघडलं. मुलगा आणि सून बाहेर गेले होते. वॉशर त्याच्या अंगावर चढली, बिजागरासारखी ओरडली, तो खाली बसून तिचं सगळं तोंड दोन्ही हातांत धरून बसला. आत कोपऱ्यात तिचं भांडं होतं. स्वच्छ, पाण्याने भरलेलं. ते फक्त आजच भरलेलं नसावं, रोज भरत असणार. मी येणार हे त्याला माहीत नव्हतं.

"समिती कुठे बसते?" मी विचारलं.

"कसली समिती?" तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

चहा त्यानेच केला. सांगत होता ते पाठमोरा होऊन, तरी मला सगळं ऐकू येत होतं. त्याच्या बायकोला शेवटची नऊ वर्षं ऐकू येत नव्हतं. ते मला माहीत होतं, पण वॉशरला तिने वाढवलंय हे माहीत नव्हतं. कुणी शिकवलं नाही, दोघींनी आपापसात बसवलं ते. बेल वाजली की साडी ओढायची, दूध उतू चाललं की ओढायची. ती गेल्यावर कुत्री घरभर फिरायची, बेल वाजली की रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहायची.

"मागच्या वर्षी तू पंपावर मला भेटायला आला होतास," तो म्हणाला. "तुझ्या डोक्यावर धोक्याची घंटा वाजत होती. सगळे पळाले. तू बिस्किट बुडवून खात होतास."

"मग तेव्हाच सांगायचंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

यावर मी चहा प्यायलो.

मग म्हटलं, आता मला मशीन आहे, हिला ठेव. तो नाही म्हणाला. मशीन काढून ठेवल्यावर काय करशील, आंघोळीला, झोपताना. माझे कान शाबूत आहेत, इथे सून आहे, नातू आहे, माझ्याकडे हिला काय काम. तिला काम लागतं. घेऊन जा. त्याने पट्टा स्वतः तिच्या गळ्यात अडकवला. दार लावलं.

आम्ही जिना उतरायला लागलो. पहिल्या वळणावर वॉशर थांबली. कान टवकारले, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मीही थांबलो. तिने माझी पँट धरली नाही. धरायची गरज नव्हती. बंद दाराआडून बारीक आवाज येत होता, अगदी बारीक, सुईसारखा. पंपवाला तिला नावाने हाक मारत होता. आम्हाला ऐकू जावी म्हणून मारलेली हाक नव्हती ती.

वॉशरने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं परत वर गेलो. मी बेल दाबली. दार उघडायला त्याने वेळ लावला, उघडलं तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"काय रे?"

"छत्री राहिली," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. बाहेर ऊन होतं. मी छत्री आणलीच नव्हती.

"मग शोध," तो म्हणाला आणि दार पूर्ण उघडलं.

संध्याकाळी मुलगा-सून घरी येईपर्यंत आम्ही तिघं ती शोधत होतो. सापडली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन शोधायचं ठरलंय.